पुण्यात कुटुंबासह राहायला येताना उपनगर कसे निवडावे

पुण्यात नोकरी मिळाली किंवा बदली झाली की घरातली चर्चा भाड्यापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा फ्लॅट किती खोल्यांचा हवा यावर येऊन थांबते. भाडे आणि क्षेत्रफळ जाहिरातीत लिहिलेले असते, म्हणून त्यांची तुलना करणे सोपे जाते. परंतु घरातल्या सात वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीतल्या आजीला गाडी चालवता येत नाही, आणि त्यांच्यासाठी पुणे म्हणजे सोसायटीच्या फाटकापासून पायी जाता येईल तेवढाच भाग असतो. म्हणून माझे पहिले सांगणे असे की फ्लॅट पाहण्याआधी त्याच्या भोवतीचा एक किलोमीटर पाहावा आणि तो पटला तरच लिफ्टचे बटण दाबावे.

आम्ही परभणीहून आलो तेव्हा नेमके उलट केले. शहराच्या पश्चिमेकडच्या एका नव्या वस्तीतला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही फोटो पाहून आणि एका रविवारी दुपारी तासभर फिरून ठरवला. खाली पोहण्याचा तलाव होता, मुलांसाठी घसरगुंडी होती, खिडक्यांतून भरपूर उजेड येत होता. मात्र फाटकाबाहेर पदपथ नव्हता. डंपर, पाण्याचे टँकर आणि कंपन्यांच्या बस एकाच रस्त्यावरून धावत होत्या, आणि भाजीचे दुकान रस्त्याच्या पलीकडे होते. परभणीत रोज सकाळी मारुतीचे दर्शन घेऊन येताना कोथिंबिरीची जुडी आणणाऱ्या माझ्या सासूबाई चार महिन्यांत एकदाही एकट्या फाटकाबाहेर पडल्या नाहीत. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त त्या गप्प होत गेल्या. करार संपताच आम्ही घर बदलले. त्यानंतर नातलग आणि ओळखीची मंडळी पुण्यात येताना घर शोधण्याचे काम माझ्याकडे येऊ लागले, आणि प्रत्येक वेळी चुकांमधून शिकत जी रीत बसली ती येथे लिहीत आहे.

सुरुवात नोकरीच्या ठिकाणापासूनच करावी लागते, कारण पुण्यातील कामाची ठिकाणे एकमेकांपासून फार लांब आहेत. हिंजवडीचे राजीव गांधी आयटी पार्क वायव्येला, खराडी आणि मगरपट्टा पूर्वेला, तर चाकण आणि भोसरीचे कारखाने उत्तरेला आहेत. हिंजवडी ते खराडी हे अंतर रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर भरते. पती-पत्नी दोघांची कार्यालये अशी दोन टोकांना असतील तर मध्यबिंदू शोधण्यापेक्षा मुलाच्या शाळेतून तातडीचा फोन आल्यावर कोण जाणार आहे हे आधी ठरवावे आणि त्या व्यक्तीच्या कार्यालयाजवळचे उपनगर घ्यावे. दुसऱ्याने प्रवास सोसावा, आणि शक्य असेल तर तो मेट्रोने करावा. २०२२ साली सुरू झालेल्या मेट्रोच्या दोन मार्गिकांपैकी एक पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटकडे आणि दुसरी वनाजहून रामवाडीकडे जाते, व जिल्हा न्यायालय स्थानकात त्या एकमेकींना मिळतात. घरापासून स्थानक पायी दहा मिनिटांवर असेल तर त्या घराला थोडे अधिक भाडे द्यायला मी तयार असेन. होऊ घातलेल्या मार्गिकेच्या भरवशावर मात्र घर घेऊ नये. जी गाडी आज धावते तीच मोजावी.

नकाशावर दिसणारी वेळ रात्रीची असेल तर तिचा उपयोग नाही. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी साडेआठला त्या भागातून प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन पाहावे आणि संध्याकाळी सहाला परत यावे. भूमकर चौक, वाकडचा पूल, विद्यापीठ चौक, हडपसरची गाडीतळाची बाजू, वाघोलीचा नगर रस्ता, चाकणकडे जाणारा नाशिक रस्ता ही नावे इथले लोक का घेतात ते त्या एका दिवसात कळते. हे जून ते सप्टेंबर या काळात करता आले तर उत्तम, कारण उन्हाळ्यात दिसणारा रस्ता आणि पावसाळ्यातला रस्ता हे दोन वेगळे रस्ते असतात.

यानंतर पाण्याकडे यावे, आणि येथे घाई करू नये. पुण्यात घर कोणत्या संस्थेच्या हद्दीत आहे यावर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. पुणे महानगरपालिकेला मुख्यतः खडकवासला धरणसाखळीतून आणि पिंपरी-चिंचवडला पवना धरणातून पाणी मिळते. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीपासून एक दिवसाआड पाणी देण्याची पद्धत सुरू झाली, म्हणून तेथील सोसायटीची साठवण टाकी किती दिवस पुरते हे विचारणे भाग आहे. हिंजवडी, माण यांसारखी गावे कोणत्याच महापालिकेत न येता ग्रामपंचायत आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांच्या अखत्यारीत विकसित झाली. शिवाय पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे घेतली गेली, तरी हद्द वाढली म्हणून जलवाहिनी लगेच पोहोचली असे झालेले नाही. अशा भागांत महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत आपण पाणी पुरवू असे हमीपत्र बांधकाम व्यावसायिकाने दिलेले असते, आणि ताबा देऊन झाल्यावर त्या हमीचा भार टँकरच्या बिलाच्या रूपाने रहिवाशांच्या मेंटेनन्समध्ये येऊन बसतो. आमच्या पहिल्या सोसायटीतही ‘सहा महिन्यांत महापालिकेचा नळ येतो आहे’ असे आम्हाला सांगितले गेले होते. आम्ही निघालो तेव्हाही तेच वाक्य नव्या भाडेकरूंना सांगितले जात होते.

एजंट किंवा घरमालक काय सांगतात त्यापेक्षा फाटकावरची टँकरची वही पाहावी. बहुतेक सोसायट्यांत सुरक्षारक्षकाच्या टेबलावर एक लांबट वही असते. तीत टँकरचा क्रमांक, येण्याची वेळ आणि चालकाची सही असते. रक्षकाशी नीट बोलून मागितली तर ती सहसा दाखवतात. साधा हिशेब असा आहे: माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे रूढ प्रमाण धरले तर चौघांच्या घराला ५४० लिटर आणि १०० फ्लॅटच्या सोसायटीला रोज सुमारे ५४,००० लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरचे पाच-साडेपाच टँकर म्हणजे सोसायटी पूर्णपणे विकतच्या पाण्यावर चालली आहे. वहीत दिवसाला एक टँकर दिसला तर बाकीचे पाणी नळातून किंवा बोअरमधून येत असावे. एप्रिल-मेची पाने आणि ऑगस्टची पाने दोन्ही उलटून पाहावीत. मग फ्लॅटमध्ये गेल्यावर न्हाणीघरातील नळाच्या तोंडाशी आणि शॉवरच्या भोकांत पांढरा थर साचला आहे का ते बोट फिरवून बघावे. तो थर जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याचा असतो. त्या पाण्याने गीझर लवकर बिघडतो आणि लहान मुलांची कातडी कोरडी पडते.

पाणी येते एवढ्यावर समाधान मानू नये, ते शुद्ध आहे का हेही विचारावे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले तेव्हा दूषित पाण्याचा प्रश्न साऱ्या शहरासमोर आला. त्या भागात राहू नये असे मी म्हणणार नाही, कारण तेथे माझी जिवाभावाची माणसे आनंदाने राहतात. तथापि पाणी विहिरीचे की धरणाचे, त्यात क्लोरीन कोण घालते आणि टाकी शेवटची कधी धुतली या तीन प्रश्नांची उत्तरे सोसायटीच्या सचिवांना देता आली नाहीत तर मी तेथून परत फिरेन.

आता जास्तीच्या पाण्याविषयी. पुण्यातील सखल भागांची आठवण लोकांच्या मनात ताजी आहे: २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर येऊन कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पुलापर्यंतच्या वस्त्यांत माणसे दगावली, आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत इमारतींच्या खालच्या मजल्यांत मुठेचे पाणी शिरले. नदीकाठच्या जागेसाठी निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. इमारत निळ्या रेषेच्या आत असेल तर भाडे कितीही कमी असले तरी म्हाताऱ्या माणसांना घेऊन तेथे जाऊ नये. ओढ्यांची गोष्ट जास्त फसवी असते, कारण पुष्कळ ओढे भिंतींत आणि पाइपांत घातल्यामुळे उन्हाळ्यात दिसतच नाहीत. पार्किंगमध्ये उतरून भिंतीवर कमरेच्या उंचीला मातकट रेघ आहे का, विजेचे मीटर नंतर वर सरकवलेले दिसतात का, हे बघावे, आणि तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारावे. किराणा दुकानदाराला पाण्याची पातळी तारखेसह आठवते, कारण त्याची पोती भिजलेली असतात.

वासाचेही असेच आहे. मोशी आणि उरुळी देवाची-फुरसुंगी येथील कचरा डेपोंचा वास वाऱ्याच्या दिशेप्रमाणे लांबपर्यंत येतो, काही भागांत काँक्रीट मिसळणाऱ्या आरएमसी प्लांटची धूळ असते, मुंढवा-केशवनगर-खराडीच्या नदीकाठी फेब्रुवारीपासून जलपर्णी आणि तिच्यामागून डास वाढतात, आणि लोहगाव-विमाननगरच्या पट्ट्यात हवाई दलाच्या विमानांचा आवाज असतो. तान्हे मूल किंवा दमेकरी घरात असेल तर यांतील जे लागू असेल त्यासाठी एक रात्र त्या भागात नातलगांकडे मुक्काम करून बघावा.

शाळेच्या बाबतीत पालक गुण, बोर्ड आणि फी यांवर बारकाईने बोलतात, पण मूल शाळेत जाणार कसे यावर फार थोडे. माझ्या मुलाची शाळा आमच्या पहिल्या घरापासून चार किलोमीटरवर होती आणि त्याला व्हॅनमध्ये पाऊण तास लागायचा, कारण व्हॅन बारा मुलांच्या दारांवरून फिरत जाई आणि तो पहिला चढणारा होता. सहा वर्षांचे पोर परतीला दप्तरावर मान टाकून झोपलेले असे. उतरवून घेताना त्याच्या गालावर दप्तराच्या चेनचे वळ दिसत. दुसऱ्या वेळी मी आधी त्या भागातल्या दोन व्हॅनवाल्या काकांना भेटले आणि कोणत्या सोसायटीतून कोणत्या शाळेला किती वाजता निघतात हे विचारून मगच घर बघितले. शाळा पायी पंधरा मिनिटांच्या आत असेल आणि वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागत नसेल, तर ती नावाजलेली नसली तरी प्राथमिक वर्षांसाठी मी तीच निवडेन. यावर अनेकांचे मत वेगळे असेल, पण मुलाचे रोजचे दीड तास ही लहान किंमत नव्हे.

कामाच्या काही गोष्टी येथेच सांगते. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये आणि राज्य मंडळाच्या बहुतेक शाळा जूनमध्ये सुरू होतात, आणि खासगी शाळांचे प्रवेश आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुष्कळदा हिवाळ्यातच भरतात. म्हणून बदली उन्हाळ्यात असली तरी शाळांना फोन त्याआधीच करावेत. फलकावर सीबीएसई लिहिलेले असले तरी संलग्नता क्रमांक विचारून मंडळाच्या संकेतस्थळावर तपासावा, आणि सरकारी नोंदीतला प्रत्येक शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांकही मागावा, कारण शिक्षण विभागाला अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर कराव्या लागतात आणि त्यांत पुणे परिसरातील शाळा असतात. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करायचा असेल तर घर आणि शाळा यांतील अंतर मोजले जाते, आणि भाड्याने राहणाऱ्यांना पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तो अर्जाच्या आधी झालेला असावा. परप्रांतातून येणाऱ्या कुटुंबांनी हेही ध्यानात घ्यावे की २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला आहे, तेव्हा मुलाच्या मराठीची तयारी आधी सुरू केलेली बरी.

भोवतीचा तो एक किलोमीटर पाहायला संध्याकाळी साडेसहाला जावे आणि शक्यतो घरातल्या ज्येष्ठ माणसाला बरोबर न्यावे. त्यांच्याच वेगाने चालावे. औषधाचे दुकान, दूध, भाजी, साधा दवाखाना, बसथांबा आणि टेकायला एखादे बाकडे एवढे त्यांच्या पायांनी गाठता आले पाहिजे. निगडी प्राधिकरणात रुंद रस्ते आणि सावली आहे, कोथरूड-कर्वेनगरात दर दोनशे पावलांवर दुकान आणि ओळखीचा चेहरा आहे, बाणेर-बालेवाडी, वाकड किंवा पिंपळे सौदागरमध्ये नव्या सोयी आहेत पण सोसायटीबाहेरचे चालणे गल्लीगणिक बदलते. एकाच उपनगरात एक गल्ली राहण्याजोगी आणि दुसरी नको अशी असते, म्हणून उपनगराच्या नावावर विसंबू नये. जुन्या भागांत आणखी एक प्रश्न विचारावा: इमारत पुनर्विकासाला गेली आहे का? सोसायटीने विकसक नेमला असेल तर भाडेकरूला मुलाच्या परीक्षेच्या तोंडावर घर रिकामे करावे लागू शकते.

सोसायटीच्या आत गेल्यावर मुलांचा आवाज येतो का ते ऐकावे. मैदान म्हणून दाखवलेली जागा गाड्यांनी भरलेली असेल आणि भिंतीवर ‘चेंडू खेळण्यास मनाई’ असे लिहिलेले असेल, तर तेथे मूल दोन वर्षे मोबाइलबरोबर काढील. आजी-आजोबांचा कट्टा जमतो का, गणपतीत काय होते, मराठी बोलणारी दोन घरे तरी आहेत का हे विचारण्यात संकोच नसावा. दुसऱ्या प्रांतातून येणाऱ्यांनी आपल्या भाषेसाठी हाच प्रश्न विचारावा. मी मात्र एक गोष्ट नेहमी पाहते. घरकामाला येणाऱ्या मावशींसाठी वेगळी लिफ्ट ठेवली असेल किंवा त्यांना बागेतल्या बाकावर बसू देत नसतील, तर त्या सोसायटीत माझे मूल वाढावे असे मला वाटत नाही.

रुग्णालयाचे अंतर किलोमीटरांत न मोजता संध्याकाळी सातच्या वाहतुकीत मोजावे. अतिदक्षता विभाग आणि बालरोगतज्ज्ञ रात्री असतात का हे त्या रुग्णालयात जाऊन विचारावे. पिंपरीचे वायसीएम (यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय) किंवा पुण्यातले ससून यांसारखे मोठे सार्वजनिक रुग्णालय कोणत्या वाटेने गाठायचे हेही घरात सर्वांना माहीत असावे.

हे सारे पाहून एखादा भाग आवडला तरी पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नये. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा भाड्याने काढावा. पुढे विकत घेताना प्रकल्पाचा महारेरा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारे राज्याचे प्राधिकरण) क्रमांक, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) आणि पाण्याचे ते हमीपत्र हे तीन कागद हातात घेऊन वाचावेत. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत नळजोडणीपासून कर्जापर्यंत सगळे अडते. भाड्याने घेताना लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, म्हणून ‘नोटरी करून टाकू’ हे मान्य करू नये. करारात मेंटेनन्स कोण भरणार, टँकरचा वाढीव खर्च कोणाचा आणि सूचनेचा कालावधी किती हे स्पष्ट लिहून घ्यावे.

करार सहसा अकरा महिन्यांचा असतो, तेव्हा तो कधीपासून सुरू करायचा हे मुलाच्या शाळेवरून ठरवावे. राज्य मंडळाची शाळा असेल तर १ जूनपासूनचा करार ३० एप्रिलला संपतो, म्हणजे वार्षिक परीक्षा झालेली असते आणि घर बदलायला सुट्टी हाताशी असते. सीबीएसईची शाळा असेल तर तो १ मेपासून करावा, म्हणजे नवे वर्ष सुरू होण्याआधी ३१ मार्चला तो संपेल. आमचा पहिला करार ऑक्टोबरात संपत होता आणि घर सोडण्याची घाई झालेली असताना मुलाला सहामाही परीक्षेनंतर नवी शाळा, नवे वर्ग आणि नवे मित्र एकाच आठवड्यात पाहावे लागले. दुसऱ्या वेळी घरमालकांना एक महिना थांबायची विनंती केली, त्यांनी ती ऐकली, आणि तो महिना आम्ही परभणीला काढला.